कात्रीबाईंनी बंद केलेल्या गोळ्या

दवाखान्यातल्या नर्सेस डॉक्टरीणबाईंना पाठीमागे कात्रीबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. म्हाताऱ्या माणसाची औषधांची पिशवी टेबलावर पालथी करायची आणि एकेक गोळी उचलून विचारायचं, ही कशाला? घरच्यांना सांगता येत नसे. एका डॉक्टरने दिलेली, दुसऱ्याने चालू ठेवलेली, तिसऱ्याने त्यात भर घातलेली. "सुरू करायला सगळे पुढे, बंद करायची म्हटली की सगळ्यांची दातखीळ बसते," असं त्या मीटिंगमध्ये तोंडावर सुनवायच्या. केमिस्ट म्हणायचा, गोळी कमी केली की लोक माझ्याशी भांडतात. हृदयाचे डॉक्टर म्हणायचे, माझ्या गोळीला हात लावू नका. बाई कुणाला जुमानत नसत, आणि बहुतेक वेळा त्यांचंच खरं निघे.

एक आजी पहिल्यांदा आल्या त्या चाकाच्या खुर्चीत, मान टाकून. कागदावर विस्मरणाचा आजार लिहिलेला. बाईंनी पिशवी पालथी केली. झोप येत नाही म्हणून एक गोळी, तिने चक्कर येते म्हणून दुसरी, दुसरीने हात थरथरतात म्हणून तिसरी. बाईंचा पारा चढला. "हा आजार नाही. हा आमच्याच लोकांनी घातलेला घोळ आहे," बाई आजींच्या मुलीला म्हणाल्या, आणि हळूहळू कमी करत तिन्ही बंद केल्या.

यावेळी आजी स्वतःच्या पायांनी आत आल्या. रक्तदाब मोजणाऱ्या नर्सला म्हणाल्या, "जरा सैल बांध गं, दंड घरी परत न्यायचाय मला." नर्स खो खो हसली. बाईंना आभाळ ठेंगणं झालं. मुलगी मात्र हसली नाही.

नर्स आजींना वजन करायला घेऊन गेली, तशी मुलीने खुर्ची पुढे ओढली. "डॉक्टर, त्या गोळ्या परत सुरू करता येतील का?"

"का? काही त्रास होतोय?"

"नाही हो. आई दादाची वाट बघतेय."

दादा म्हणजे मुलीचा थोरला भाऊ. तो हिवाळ्यात, आजींच्या गोळ्या चालू असतानाच गेला, बसल्या जागी. "घरी आणला तेव्हा आईला त्याच्या शेजारी बसवलं होतं. तिने बघितलं आणि मला म्हणाली, दमलाय तो, झोपू दे, चहा नंतर कर. मला तेव्हा बरंच वाटलं, हिला तरी कळत नाही म्हणून. आता रोज विचारते. मी सांगते, परगावी गेलाय. खरं सांगायला माझी जीभच रेटत नाही."

गोळ्या परत देणं शक्यच नव्हतं. तरी बाईंचा हात क्षणभर पेनाकडे गेला, आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"मी सांगते," त्या म्हणाल्या. "तुम्ही शेजारी बसा."

आजी परत आल्यावर बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. आजींनी ऐकून घेतलं. बराच वेळ त्या शालीच्या टोकाची घडी घालत होत्या, मोडत होत्या.

"वाटलंच मला," त्या म्हणाल्या. "फोन केल्याशिवाय राहणारा नव्हता तो." मग मुलीकडे वळल्या. "मी होते तिथे?"

"होतीस. त्याच्या शेजारीच होतीस."

"रडले का गं मी?"

मुलीने बाईंकडे पाहिलं. "खूप रडलीस आई," ती म्हणाली. "कुणाला आवरत नव्हतीस."

आजींना ते पटेना. त्यांनी बाईंना विचारलं, "पोटच्या पोरासाठी एवढं रडून माणूस विसरतं? तुम्ही डॉक्टर आहात. असं होतं का?"

पेशंटशी खोटं बोलायचं नाही, हे बाई नव्या डॉक्टरांना दरडावून सांगत आल्या होत्या.

"होतं," बाई म्हणाल्या. "त्या गोळ्यांनी होतं असं."

"मग बरं," आजी म्हणाल्या. "आई रडल्याशिवाय गेला नाही माझा मुलगा."

आणि मग त्या रडायला लागल्या.