आकाश फार सुंदर आलंय

बाईंनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि त्या पडद्याकडे बघत बसल्या. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची खोली गप्प झाली. शनिवारच्या फोटोग्राफीच्या गटात आता हे ठरूनच गेलं होतं. दातांच्या डॉक्टरांचा फोटो लागला की आधी बाई बोलणार.

पडद्यावर तळं होतं, तळ्यामागे डोंगर आणि डोंगरावर गुलाबी, केशरी, जांभळं आकाश. इतकं जांभळं, की पुढच्या रांगेतल्या लोकांच्या चेहऱ्यांवर त्याचा रंग पडला होता.

"आकाश," बाई म्हणाल्या. "डॉक्टर, आकाश फार सुंदर आलंय."

ज्याचा फोटो त्याने गप्प बसायचं, हा गटाचा नियम होता. डॉक्टरांनी नुसतं पेनाचं टोपण उघडलं आणि बंद केलं.

"रंग जरा जास्त वाटतात का?" गटाचे चिटणीस म्हणाले. ते बँकेत होते आणि खातं बंद करायला आलेल्या माणसाशी बोलावं तसं सगळ्यांशी बोलत. "म्हणजे आपलं मला वाटलं."

"मला नाही वाटत," बाई म्हणाल्या. "उलट अजून थोडे चालले असते."

पेनाचं टोपण पुन्हा उघडलं. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

बाई आयुष्यभर प्राथमिक शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. कॅमेरा धाकट्या बहिणीने घेऊन दिला होता, घरात बसून भिंतींशी बोलायला लागशील म्हणून. गेल्या वर्षी त्या गटात पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्याकडे दाखवण्यासारखा एकच फोटो होता : दोन टेकड्यांच्या मधून वर येणारा सूर्य. त्यासाठी त्या बहिणीला घेऊन अंधारात टेकडी चढल्या होत्या, एका हाताने गुडघा धरून. फोटो पडद्यावर लागला आणि मागच्या रांगेतून डॉक्टरांचा आवाज आला.

"यात एक नदी आणि एक झोपडी राहिली. आणि बरोबरच्या खुणेसारखे पक्षी. ते घातले की दुसरीतलं चित्र पूर्ण होईल."

लोक हसले. डॉक्टरांना हसू ऐकू आलं की थांबवत नसे.

"दहापैकी दोन देऊ. एक कागदाचा, एक वेळेवर आल्याचा."

नियमाप्रमाणे बाई गप्प बसल्या होत्या. शेजारी बहीण तोंडावर रुमाल धरून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. खाली जिन्यात डॉक्टरांनी बाईंना गाठलं. "मनावर घेऊ नका हं. टीका फोटोवर असते, माणसावर नसते." घरी जाताना बहीण म्हणाली, "सॉरी गं ताई. पण त्याने सांगितलंच असं, की मला राहवेना." पुढच्या शनिवारी डॉक्टर त्यांना, तुम्ही नवीन का, असं विचारून गेले. ते सगळं विसरले होते. बाईंच्या मनातून गेलं नाही ते हेच.

सूड कसा घ्यायचा, हे त्यांना शोधावं लागलं नाही. ते त्यांना शाळेपासून माहीत होतं.

पहिलीत एक मुलगी होती. ती कावळे काढायची. कावळा उडी मारायच्या आधी एक पाय आखडून घेतो, तो पाय तिला दिसायचा. एकदा तिची मावशी वर्गात आली आणि म्हणाली, "अय्या, किनार किती छान काढलीयस." चित्राच्या कडेला तिने सहज पिवळी रेघ ओढली होती, तेवढंच मावशीने पाहिलं. त्यानंतर मुलगी किनारी काढायला लागली. वेलींच्या किनारी, जाळीच्या किनारी, नक्षीच्या किनारी. कावळे आक्रसत कोपऱ्यात गेले आणि मग गेलेच. तिला परत आणायला बाईंना एक अख्खं वर्ष लागलं होतं. किनारीकडे न बघता नुसतं कावळ्यापाशी थांबायचं, काही न बोलता. रागावून मुलाचा हात बिघडत नाही, तो भलत्याच गोष्टीच्या कौतुकाने बिघडतो, हे बाई तेव्हा शिकल्या.

आणि डॉक्टरांचा हात चांगला होता. हे बाईंना पहिल्याच दिवशी, अपमानाने कान तापलेले असतानाही दिसलं होतं. ओला रस्ता आणि कडेला एक खांब. रिकामं शेत, लांबवर कुंपण. अर्धा फोटो मोकळा सोडायची त्यांची छाती होती. काय चांगलं आहे हे नेमकं कळल्याशिवाय ते टाळून बोलता येत नाही, म्हणून बाई त्यांचे फोटो गटात कुणीच बघत नसेल इतके नीट बघत. मोकळ्या फोटोंवर त्या काही म्हणत नसत. एखाद्या फोटोत आकाश जरा रंगलेलं असलं की चष्मा पुसत.

आधी डॉक्टरांनी नुसती मान हलवली. मग एके दिवशी संध्याकाळचा फोटो आणला. मग संध्याकाळचेच आणायला लागले. मग संध्याकाळ पुरेनाशी झाली आणि ते कॉम्प्युटरवर बसून तिच्यात रंग भरायला लागले. दुसऱ्यांच्या फोटोंना ते आता विचारत, "रंग कुठाय यात?" लोक हसत, पण पूर्वीसारखे नाही.

"त्या दातवाल्याचं एवढं कौतुक कशाला करतेस?" बहिणीने एकदा भाजी चिरता चिरता विचारलं. "आवडायला लागलाय की काय?"

"शिकवतेय त्याला."

"काय ते?"

"त्याला आवडतंय ते."

बहीण त्यांच्याकडे बघत राहिली. "ताई, तुझा हा आवाज मला माहितीय," ती म्हणाली. "लहानपणी माझी बाहुली हरवली तेव्हा पण तू असंच बोलली होतीस."

मग बाईंची दाढ दुखायला लागली आणि डॉक्टर म्हणाले, दुसरीकडे कुठे जाताय, मी कशाला आहे.

दवाखान्यातल्या खुर्चीत आडवं पडलं की समोर भिंतीवर एक पडदा दिसे. एक्स-रे दाखवायला होता. डॉक्टरांची बायको कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसायची. नोंदी, एक्स-रे, औषधांची चिठ्ठी, सगळं तीच बघायची. डॉक्टरांनी भुलीचं इंजेक्शन दिलं. त्यांचा हात हलका होता. सुई टोचली कधी ते बाईंना कळलंही नाही.

"आता जरा थांबू. जीभ जड होईल. दुखलं तर डावा हात वर करायचा, काय?" ते स्टूल ओढून बसले. "तोवर एक काम करू या का? माझं प्रदर्शन ठरलंय, बाई. एकट्याचं. हॉलचे पैसेही भरले. फोटो निवडायचेत आणि बाकीचे काढून टाकायचेत. तुमच्या डोळ्यांखालून गेले की मी निश्चिंत."

"मी कधीची सांगतेय, ते घरी न्या म्हणून," बायको म्हणाली. "हे मशीन माझे एक्स-रे घ्यायला तयार नाही. सगळी जागा तुमच्या सूर्यास्तांनी भरलीय."

"म्हणूनच काढतोय ना. लाव तू."

पडद्यावर एकामागून एक आकाशं आली. बाई मान डोलवत होत्या. प्रत्येक डोलण्यासरशी डॉक्टर म्हणत, "ठेव." एकदा ते हळूच म्हणाले, "गटात बाकी सगळे बोलायचं म्हणून बोलतात. तुम्ही बघता. मी इतकी वर्षं लोकांचे फोटो फाडत आलो, पण माझ्याकडे असं कुणी बघितलं नव्हतं." बाईंनी ओठाला बोट लावून पाहिलं. तो त्यांचा वाटत नव्हता.

"चढली भूल. आ करा."

तोंडात कापसाचे बोळे गेले, नळी गेली आणि मशीन सुरू झालं. बायको फोटो पुढे सरकवत राहिली, डॉक्टर मान न वळवता "ठेव", "काढ" म्हणत राहिले.

मग पडदा करडा झाला.

ओहोटीची खाडी होती. उजेड अजून फुटलेला नव्हता. खालच्या कोपऱ्यात एक लहान होडी चिखलात कलंडून पडलेली. तिच्याकडे कुणाची तरी पावलं गेली होती आणि अर्ध्या वाटेवरून परत फिरली होती. बाकी सगळं रिकामं. पाणी कुठे संपतं आणि वर काय सुरू होतं, ते कळत नव्हतं. गटात आजवर असा फोटो कुणी आणला नव्हता, आणि आणणारही नव्हतं.

"हा त्या सकाळचा," बायको म्हणाली. "मी गाडीत झोपले होते. अहो, हा मला आवडतो."

"तुला सगळेच आवडतात. फिका आहे. काढ."

बाईंचा डावा हात वर गेला होता. वर्गात मुलं करतात तसा, सरळ, बोटं जुळवून. त्यांनी तो केला नव्हता. तो वर दिसला तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं.

मशीन थांबलं.

"दुखतंय?" डॉक्टर वाकले. "अजून थोडी भूल देऊ?"

बाई पडद्याकडे बघत होत्या. डॉक्टरांनीही मागे वळून पाहिलं, पण तोवर बायकोने तो फोटो काढून टाकला होता आणि तिथे पुन्हा एक लालभडक संध्याकाळ लागली होती.

बाईंनी हात खाली घेतला आणि मान हलवली. हो, दुखतंय. डॉक्टरांनी आणखी एक इंजेक्शन दिलं.

दाढ भरून झाली. खुर्ची सरळ झाली. डॉक्टरांनी हातमोजे काढले आणि पाण्याचा ग्लास त्यांच्या हातात दिला. बाईंनी चूळ भरली.

"अहो, काढून टाकलेले अजून कॉम्प्युटरच्या कचरापेटीतच आहेत," बायको म्हणाली. "ती रिकामी केल्याशिवाय जागा होत नाही. करू? एकदा केली की परत मिळणार नाहीत हं. कॅमेऱ्यातलेही तुम्ही पुसलेत."

"कर की."

"होडीचापण?"

डॉक्टर थांबले. बायकोच्या आवाजात काहीतरी होतं. ते बाईंकडे वळले, स्टूल पुढे ओढून बसले आणि गुडघ्यांवर हात ठेवले.

"बाई, मघाशी तो खाडीचा लागला होता. तुमच्या तोंडात मशीन होतं, विचारता आलं नाही. आमच्या घरचं मत तुम्ही ऐकलंत. तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल ते."

बाईंनी गुळणी टाकली. तोंड मोकळं झालं होतं. जीभ जड होती, पण एखादा शब्द जमला असता, आणि शब्दाचीही गरज नव्हती. डॉक्टर वाट बघत होते. कोपऱ्यात बायकोचा हात माऊसवर थांबला होता.

बाईंनी ग्लास उचलला आणि पुन्हा तोंडभर पाणी घेतलं.

डॉक्टर थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. मग हसले. "कळलं," ते म्हणाले. "बाई गप्प राहिल्या की मला कळतं. कर गं रिकामी."

बाई पाणी घोळवत राहिल्या. ते बधिर बाजूच्या ओठातून हनुवटीवर ओघळलं, तिथून गळ्यावर, आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. डॉक्टरांनी कागदी रुमाल घेतला आणि दोन बोटांनी त्यांची हनुवटी हलकेच वर धरून ते पुसून घेतलं.