चतुराबाईचं गाव

निराधार सेवा मंडळाचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं, ते मी चांगलं लिहितो म्हणून नव्हे. सगळी नोकरी मी मंडळाच्या ग्रंथालयात काढली, आणि जुने अहवाल वाचलेला दुसरा कोणी आता उरला नव्हता. नाही म्हणायला हवं होतं, पण तेवढं धैर्य मला कधी झालं नाही.

इतिहास तसा वाटण्यांचाच होता. संस्थानी काळात हैदराबाद शहरात निराधार बायकांसाठी एक घर निघालं. मग संस्थान गेलं. छप्पन्न साली राज्य फुटलं. मराठी मुलूख एकीकडे, कानडी दुसरीकडे, आम्ही आंध्रात. दोन हजार चौदाला आणखी एक वाटणी. दर वाटणीत खाटा, कपाटं, नोकरमाणसं वाटली गेली. काय कुठे गेलं ते मी निगुतीनं लिहिलं. बायका कुठे गेल्या याबद्दल अहवालांत काही नव्हतं, म्हणून माझ्याही लिहिण्यात नव्हतं.

यंदा मंडळानं नवी रचना ठरवली. प्रत्येक जिल्ह्यात एक घर, आणि प्रत्येक बाई आपापल्या जिल्ह्याच्या घरात. शहरातलं मोठं घर फक्त शहरातल्या बायकांसाठी राहणार. परराज्यातल्यांना त्यांच्या राज्याकडे सोपवायचं. बायका आपल्या मुलखात, नातलगांजवळ राहतील, असा हेतू. शेवटच्या प्रकरणात मी या रचनेचं कौतुकही केलं होतं.

एका सकाळी शहरातल्या घराच्या अधीक्षक ज्योतीमॅडमचा फोन आला. "दत्तोबा सार, जरा आते क्या? एक मराठी अम्मा है. कमेटी के सामने मुंहच नहीं खोलरी."

मी गेलो. कुठली बाई कुठल्या जिल्ह्याची ते ठरवणाऱ्या समितीचे दोघे साहेब बसले होते. समोर बाकावर दोन म्हाताऱ्या, एकमेकींना चिकटून. एक चतुराबाई. दुसरी यादम्मा, इथल्याच मुशी नदीकाठच्या वस्तीतली, दोन्ही डोळ्यांनी आंधळी. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण चतुराबाई जिथे जाईल तिथे ती जायची. चतुराबाई तिला भरवायची, तिची वेणी घालायची, आणि वर्षानुवर्षं तिच्याशी मराठीतच बोलायची. ऐकून ऐकून यादम्मालाही मराठी येऊ लागली होती.

ज्योतीमॅडम माझ्या कानाशी लागल्या. "हैदराबाद बोल दिए तो बस, सार. यहींच रहते दोनों."

आम्हा इकडच्या मराठी माणसांची एक रीत आहे. पिढ्या हैदराबादेत गेल्या तरी भेटल्यावर पहिला प्रश्न गावाचा, आणि उत्तर आज्या-पणज्याच्या गावाचं. माझा जन्म इथल्या नारायणगुड्यातला. शाळा, लग्न, बायकोचं आजारपण, सगळं तिथलंच. पण कुणी विचारलं तर मी निलंगा सांगतो. निलंग्याला मी एका लग्नापुरता गेलो आहे.

बाई घाबरलेली होती. तिला जरा मोकळं वाटावं म्हणून मी नमस्कार केला आणि जिभेवर आलं ते विचारलं, "कोणचं गाव म्हणायचं बाई तुमचं?"

तिचा चेहरा उजळला. "अगं यादम्मा, मराठी मानूस हाय की! उदगीरच्या अंगाला वडगाव, भाऊ. देवीचं देऊळ हाय, म्होरं ही एवढी चिंच."

"मला कधी नेलं नाहीस चिंचेखाली," यादम्मा म्हणाली.

"मीच कवा गेले, बये! बापानं कडेवर आणलं मला. अफझलगंजात पोती उचलायचा. त्यो सांगायचा चिंचेचं."

फॉर्म भरणारा ज्योतीमॅडमचा हात थांबला होता. एक साहेब पुढे झुकून म्हणाले, "उदगीर तो महाराष्ट्र में है ना?"

मी घाईनं सांगू लागलो. हिचा बाप आला तेव्हा उदगीर याच राज्यात होतं. तो आपल्याच राज्याच्या राजधानीत आला. हिचं सगळं आयुष्य इथे गेलं. मी बोलू लागलो की माझं वाक्य मध्येच विरतं, तसं ते विरलं. म्हणून मी चतुराबाईकडे वळलो. "बाई, हैदराबाद म्हणा. गाव म्हणजे हैदराबाद. नाहीतर तुम्हाला तिकडे धाडतील. यादम्मा इथे राहील."

"बापाचं गाव न्हाई म्हनू?"

"हो."

तिनं यादम्माचा हात घट्ट धरला आणि साहेबांना मोठ्यानं म्हणाली, "हैद्राबाद! अफझलगंज! वडगाव-फिडगाव कायबी न्हाई!"

साहेब हसले, वाईट हसले नाहीत. "सार, अब तो आपने सिखाया उनको."

दोन दिवस हिय्या करून मी संचालकांना भेटलो. येताना पाठ करून आलो होतो, ते म्हणालो, "साहेब, या बाईनं सीमा ओलांडली नाही. सीमाच तिला ओलांडून गेली."

त्यांनी मान वर केली. "वाह! ये लाइन किताब में डालिए, दत्तोबा सार."

"पण बाईचं, साहेब?"

"एक को छोड़े तो सब को छोड़ना पड़ता."

यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. मला ते जिना उतरताना सुचलं.

चतुराबाईला तिकडे धाडलं त्या दिवशी मी फाटकाशी होतो. गाडीत बसण्याआधी ती स्वयंपाकघरातल्या मुलीला यादम्माचं जेवण समजावत होती. भात डाव्या हाताला, चारू, म्हणजे पातळ सार, वाटीतच, ताटात ओतायचं नाही, आणि पहिल्या घासाला "घे गं" म्हणायचं. नाहीतर ती तोंड उघडत नाही. मुलगी तेलुगू. तिला "घे गं" नीट जमेना. चतुराबाई पुन्हा पुन्हा म्हणून दाखवत राहिली. मग मला म्हणाली, "भाऊ, तुमी तरी येत जावा."

"येईन."

"मी म्हायेरी चालले, आता कशाला रडायचं," असं म्हणत ती गाडीत बसली. वडगावला नव्हेच, महाराष्ट्रातल्या एका सरकारी घरात चालली होती. पदरानं तोंड झाकलेलं तेवढं दिसलं.

यादम्मा बाहेर आलीच नाही.

पुढे ज्योतीमॅडमनी तिकडे फोन लावून पाहिला. चतुराबाई जेवते, पण बोलत नाही, असं कळलं. तिची तेलुगू-दखनी मिसळलेली मराठी तिथे कुणाला नीट समजत नाही. तिथल्या बायका तिला "हैद्राबादवाली" म्हणतात.

इतिहास छापून आला. शेवटचं प्रकरण काढून टाका असं मी कळवलं होतं, ते राहिलंच. सीमेचं वाक्य मी दिलं नव्हतं, पण संचालकांनी ते आपल्या प्रस्तावनेत घातलं होतं.

रविवारी मी यादम्माकडे जातो. भात डाव्या हाताला ठेवतो, चारू वाटीत. "घे गं" म्हणायला मला संकोच वाटतो, पण म्हणतो. ती थोडं खाते. परवा तिनं तोंड पुसून घेतलं आणि चतुराबाईच्या चालीवर, तेलुगू हेल काढत विचारलं, "कोणचं गाव म्हणायचं भाऊ तुमचं?"

निलंगा ओठांवर आलं होतं. मी म्हणालो, "नारायणगुडा."

मग तिनं चाचपडत माझी बाही धरली.

"मग ठीक," ती म्हणाली. "तुला कुठं पाठवणार नाहीत."