दोन बोटे उंच

मी एक जुना पाटा आहे. वरवंट्याशेजारचा नव्हे, मित्रांनो, गाडीखालचा. पिकअप गाडीच्या मागच्या चाकावर लोखंडाच्या लांब, वाकलेल्या पट्ट्या एकाखाली एक बांधलेल्या असतात, त्यांना पाटे म्हणतात. त्यातला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात लांब तो मी. माझ्याखाली माझे चार भाऊ, एकापेक्षा एक आखूड. आम्हा पाचही जणांच्या पोटातून एकच बोल्ट आरपार गेलेला आहे. एकत्र कुटुंबच म्हणा ना. कितीही भांडलो तरी वेगळी चूल मांडता येत नाही. आम्हाला बोलता येत नाही, पण मनात काही सलू लागले की आम्ही करकरतो. मी आयुष्यभर पुष्कळ करकरलो आहे.

माझा जन्म भट्टीत झाला. लाल होईपर्यंत तापवले, वाकवले, मग तेलात बुडवले. धूर ओसरल्यावर पाहतो तर मी धनुष्यासारखा कमानदार. खोटे कशाला सांगू, तेव्हा माझे नाक फार वर असे.

मग मी एका काचवाल्याच्या पिकअपखाली आलो. त्याचा धंदा वडिलांपासूनचा. खिडक्यांची तावदाने, दुकानांच्या दर्शनी काचा, न्हाणीघरातले आरसे. गाडीच्या हौद्यात लाकडाचा तिरका घोडा होता. त्यावर काचा उभ्या टेकवून, मध्ये पांघरुणे घालून, पट्ट्याने आवळत. म्हणजे बघा, ओझे माझ्या पाठीवर आणि पांघरूण काचेला. मला काय, तर धूळ आणि चिखल. माझ्या जळफळाटाची सुरुवात तिथूनच झाली. पुढे मी जादा चाकावरही जळलो, कारण ते वर्षानुवर्षे नुसते लटकून पगार खात होते.

काचवाल्याचे वडील रोज त्याच्याबरोबर येत. सगळे त्यांना बाबा म्हणत. काच कापणे त्यांनी केव्हाच सोडले होते, पण एक काम त्यांनी कुणाला दिले नव्हते. निघताना आणि पोचल्यावर ते बोटातल्या अंगठीने प्रत्येक काचेला टिचकी मारत आणि कान देत. काच धड असली की टण्ण वाजते. आत कुठे केसाएवढी चीर असली तरी आवाज बसका येतो. सगळ्या काचा टण्ण वाजल्या की बाबा गाडीच्या मागच्या चाकापाशी येऊन चपलेचे टोक मला लावत आणि म्हणत, "शाबास रे." एवढे एक कौतुक माझ्या वाट्याचे होते. ते मी भावांनाही वाटून दिले नाही.

पण लोखंड झाले तरी पाठीवरचे ओझे पाठीलाच कळते. हळूहळू माझी कमान उतरली. धनुष्याची फळी झाली. भरलेली गाडी मागे बसू लागली. त्यातच काचवाल्याला एका नव्या इमारतीचे काम लागले आणि तिच्या फाटकात एक उंचवटा होता, आडवा आणि हट्टी. रोज तिथे गाडीचे बूड घासे. एके दिवशी जरा जोरातच घासले. बाबांनी उतरून मोठ्या आरशाला टिचकी मारली, तर आवाज बसका आला. वाकून त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिले. त्या दिवशी चपलेचे टोक लागले नाही.

गाडी उंच करायची हे ठरले. आता प्रश्न होता, किती?

याच सुमारास काचवाल्याचा मेव्हणा आपली पिकअप घेऊन आला. त्याने ती चांगली मूठभर, म्हणजे पाचसहा बोटे, उंच करून घेतली होती. चाके थोराड, आणि आत पाटे कोरे करकरीत, लालभडक रंगवलेले. ती गाडी नेमकी माझ्याशेजारी उभी राहिली. मित्रांनो, त्या लाल पाट्यांची कमान पाहून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ना माती, ना गंज, ना कधी काचेचे ओझे. नुसते तोऱ्यात उभे. मेव्हण्याला तर स्वर्ग दोन बोटे उरला होता. जुने पाटे सगळे काढून भंगारात टाका, असे तो पुन्हा पुन्हा सांगत होता. काचवाल्याची बायको दारातून म्हणाली, की दादा, तुझ्या गाडीत चढायला शिडी लागते आणि उतरायला धीर. मेव्हणा हसला. काचवाला हसला नाही. तो त्या उंच गाडीकडे बघत राहिला, आणि त्याच्या नजरेत मला माझेच मन दिसले.

म्हणजे मी भंगारात जाणार. आणि अजून एक गोष्ट होती, जी कुणी बोलत नव्हते. बाबांचे गुडघे. गाडी उंच झाली आणि त्यांना चढता आले नाही, तर ते घरी बसणार. मग टिचकी कोण मारणार? चालकाशेजारच्या आपल्या सीटवरची धूळ बाबा त्या आठवड्यात दिवसातून दोनदोनदा पुसत होते.

पाटे बसवण्याचा कारखाना एका बाईंचा होता. त्यांना सगळे मावशी म्हणत. काचवाल्याने रिकामी गाडी नेली, तशी त्यांनी हातही लावला नाही. भरून आण म्हणाल्या. उपाशी माणसाच्या पोटावरून पायजम्याचे माप घेत नाहीत. काचवाला मुकाट्याने परतला आणि काचा लादून आला. बरोबर बाबा आणि न बोलावता मेव्हणा.

मावशींनी गाडीखाली डोके घातले, माझ्या पाठीवर हात फिरवला आणि काचवाल्याला एकच प्रश्न विचारला.

"ही रोज चालवायची आहे की मिरवायची?"

मग त्यांनी समजावून सांगितले. मूठभर उंची हवी असेल तर हे पाटे सगळे जातील. ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातील, त्या बदलाव्या लागतील. इंजिनापासून मागे जाणारा दांडा तिरका पडेल, दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातील. कोरे पाटे ताठ असतात, काचेला ते मानवायला वेळ लागेल. दोन बोटेच उंची हवी असेल तर जुन्या पाट्यांतच एक नवा घालायचा आणि पुढच्या स्प्रिंगवर एक जाड चकती ठेवायची. काचवाला खाली बघून म्हणाला, की दोन बोटे म्हणजे फारच थोडी वाटतात. मावशी म्हणाल्या, वाटण्यावर काय जायचे, घालून बघू.

त्यांच्या अंगणात लाकडी फळ्या होत्या, प्रत्येक बोटभर जाड. आधी चारही चाकांखाली मूठभर उंचीची चळत रचली आणि गाडी हळूच वर घेतली. म्हणाल्या, रोज बसणारे कोण आहेत त्यांनी चढावे.

मी गाडीखाली असतो, मित्रांनो. दाराशी उभ्या माणसांचे मला फक्त पाय दिसतात. बाबांचा उजवा पाय उचलला, परत खाली आला, पुन्हा उचलला. मग मुलाचे पाय जवळ आले, आणि मुलाच्या खांद्याचा आधार घेऊन बाबा वर गेले. मेव्हण्याने टाळ्या वाजवल्या. बाबांनी वरून सांगितले, अगदी सहज जमले.

पण ते उतरेनात.

सगळे थांबले. बाबा म्हणाले, इथून छान दिसते आहे, बसतो थोडा वेळ. चहा आला, त्यांनी वरच घेतला. कप परत गेला. मेव्हण्याने आपल्या टायरांच्या दोन गोष्टी सांगितल्या. बाबा बसूनच. शेवटी दार उघडले आणि त्यांचे पाय बाहेर आले. ते हवेत लोंबकळत जमीन शोधत होते, आणि जमीन खूप खाली होती. एक चप्पल निसटून माझ्यापाशी पडली.

"मला खाली घे रे," बाबा अगदी हळू म्हणाले.

काचवाल्याने त्यांना उचलून खाली ठेवले, पांघरुणातली काच उतरवतात तसे. मेव्हण्याने पुढे होऊन ती चप्पल उचलली आणि बाबांच्या पायात घातली. त्या माणसावर मी फार जळलो आहे, पण हे सांगायला हवे.

मग दोनच फळ्या ठेवल्या. बाबांनी दाराची मूठ धरली आणि चढले. उतरले. कुणी सांगितले नव्हते तरी पुन्हा एकदा चढले आणि उतरले.

"दोन बोटं, मावशी," काचवाला म्हणाला.

मेव्हणा पुटपुटला, की एवढीशी उंची कुणाच्या लक्षातही येणार नाही. मावशी म्हणाल्या, दिसायला नकोच आहे, घासायला नको, झाले.

मी भंगारातून वाचलो. आनंद व्हायला हवा होता, नाही का? झालाही, बोल्ट सुटेपर्यंत. मग मावशींनी आम्हाला सुटे केले, गंज खरवडला, अंगाला ग्रीस लावले आणि तो आणला. नवा पाटा. काळा, तुकतुकीत, आणि कमान... माझी होती तशीच. पुरुषाला सवत नसते म्हणतात, पण पाट्याला असते. त्याला माझ्याखाली, भावांच्या मधोमध बसवले. सहा जणांना जुना बोल्ट पुरेना म्हणून बोल्टही नवा आला. माझ्याच घरात माझाच उंबरा बदलला.

पहिले काही दिवस तो फार ताठ होता. रिकामी गाडी टणाटणा उडे. बाबा म्हणत, नवा आहे, बसेल हळूहळू. बाबांनी त्याची बाजू घ्यावी? मी जोरजोरात करकरलो. आता एखादी काच तडकावी आणि त्याच्या माथी खापर फुटावे, एवढीच मी वाट पाहत होतो.

मग त्या नव्या इमारतीसाठी आरसा पुन्हा तयार झाला. पहिल्यापेक्षा मोठा. गाडी भरली, फाटक आले, तोच उंचवटा आला. चाक चढले आणि सगळे ओझे माझ्या पाठीवर कोसळले. मी नेहमीसारखा चपटा होत गेलो, होत गेलो. आता बूड घासणार. आणि तेवढ्यात खालून कुणीतरी मला धरले. जोर केला नाही, तोरा दाखवला नाही. नुसते धरले. मीही त्याला जरा झुकायला लावले, कारण काचेखाली ताठ राहून चालत नाही, हे त्याला कुठून ठाऊक असणार? आम्ही दोघे मिळून खाली गेलो आणि मिळून वर आलो. घासल्याचा आवाज झाला नाही.

बाबा आपले आपण उतरले. अंगठीने आरशाला टिचकी मारली. टण्ण. मग चाकापाशी आले. गुडघ्यांचा कडकड आवाज करत खाली बसले, हात आत घातला आणि आधी नव्या पाट्याला टिचकी मारली. आधी त्याला, मित्रांनो! तो खणखणीत वाजला. मग मला. माझा आवाज जाड आणि लांब आला, थोडा वेळ हवेत राहिला.

"हा म्हातारा अजून बोलतो की," बाबा मुलाला म्हणाले, आणि जाता जाता चपलेचे टोक मलाच लावून गेले.

मित्रांनो, आता तुमच्याकडे माझे एकच मागणे आहे. नवे जरूर आणा, पण जुन्याला पाठीवरच्या ओझ्यासकट तोलून पाहा, आणि उंची ठरवाल तेव्हा ज्याला चढायचे आहे त्याच्या गुडघ्यांना विचारा. आणि आम्हा पाट्यांच्या मध्ये अधूनमधून ग्रीस लावत जा. जवळजवळ राहणाऱ्यांना त्याची फार गरज असते.

विशेषतः आता. कारण त्या दिवशी परतीच्या वाटेवर, गाडी रिकामी असताना, रस्ता सपाट असताना, माझ्याखालून एक बारीक आवाज येऊ लागला. कर्र... कर्र... मी दचकलो. मी तर गप्प होतो. तो आवाज मी ओळखतो. नवा पाटा माझ्यावर जळू लागला होता.