शिवणीत गेलेल्या ओळी

मित्रांनो, तुम्ही संगणकावर एखादे जुने पुस्तक उघडता, तेव्हा ते तिथे कसे पोहोचले याचा विचार सहसा करत नाही. ते पोहोचवणे हे माझे काम होते. मी एका ग्रंथालयातला जुना स्कॅनर आहे. आता माझा दिवा नीट लागत नाही आणि लोक माझ्यावर ओल्या छत्र्या ठेवतात.

कारखान्यातून आलो तेव्हा मात्र माझा थाट होता. दोन उतरत्या फळ्या, त्यांच्यावर काच आणि काचेवर रोखलेले दोन कॅमेरे. पुस्तक फळ्यांवर उघडे ठेवायचे, काच टेकवायची, की डाव्या-उजव्या पानांचे फोटो एकदम निघत. मला वरच्या मजल्यावर खिडकीजवळ बसवले आणि माझ्यावर काम करायला एक बाई नेमल्या. सगळे त्यांना ताई म्हणत, वयाने मोठे असलेले ग्रंथपालसुद्धा.

घट्ट शिवणीच्या पुस्तकात ओळींची टोके मधल्या खाचेत लपतात. ताई पुस्तक हळूहळू सैल करत, शेवटचे अक्षर दिसले की मगच फोटो काढत. नंतर पडद्यावर एकेक पान पाहत. वाकडे असेल तर पुन्हा. ग्रंथपाल चहाचा कप घेऊन येत आणि म्हणत, "ताई, या वेगानं आपण दोघंही म्हातारे होऊ. पण कोणी नावं ठेवणार नाही!" तेव्हा मला फार बरे वाटे.

ते निवृत्त झाले आणि नवे साहेब आले. साहेब वाईट नव्हते. त्यांनाही वरून तगादा होता, की सगळी पुस्तके लवकरात लवकर संगणकावर दिसली पाहिजेत. काम कंत्राटावर गेले. ताईंना खाली पुस्तक देवघेवीवर बसवले. माझ्यासमोर पाळीपाळीने नवी माणसे येऊ लागली. पाने कमी भरली तर दुसऱ्या दिवशी काम नाही, मग ती बिचारी तरी काय करणार? एकाला ताप होता, तरी तो दिवसभर पाने उलटत होता. त्याचा अंगठा किती पानांवर आला, ते त्याला कळलेही नाही. तपासणी बंद झाली. तक्रारी आल्या, की पाने पुसट आहेत, मधली पाने गायब आहेत. सगळ्यांना एकच उत्तर जाई: 'पुस्तक उपलब्ध आहे.'

मग एक दिवस जागा कमी पडते म्हणून ठरले, की संगणकावर आलेली कागदी पुस्तके काढून टाकायची. ताई धावत वर आल्या.

"साहेब, आधी एकदा तपासून तरी घेऊ."

"ताई, तपासत बसलो तर जन्म जाईल. सगळं यादीत आहे ना? मग झालं."

ट्रक आला. पुस्तके कागदाच्या लगद्यासाठी गेली. मी खिडकीतून पाहत होतो. रिकाम्या झालेल्या माझ्या खोलीत वाचकांसाठी संगणक मांडले गेले, म्हणून पुढचे सारे माझ्या डोळ्यांदेखत घडले.

एका सकाळी एक आजोबा आपल्या मुलीचा हात धरून जिना चढून आले. ते घड्याळजी होते. म्हातारपणी त्यांची दृष्टी गेली होती. त्यांची बायको लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होती. तिने आयुष्यात एकच पुस्तक लिहिले, त्या वॉर्डातल्या मुलांविषयी. लिहिताना रोज जेवणानंतर ती त्यांना वाचून दाखवायची. ती गेली. घरातली शेवटची प्रत वाळवीने खाल्ली. आता संगणक पुस्तक मोठ्याने वाचून दाखवतो, असे आजोबांच्या कानावर आले होते.

"बाबा, आहे! आईचं नाव आलं बघा," मुलगी ओरडली.

आजोबांनी सदऱ्याचे वरचे बटण लावले आणि ताठ बसले. संगणक वाचू लागला. नाव नीट वाचले. पहिले पान जेमतेम वाचले. पुढे मात्र नुसती तुटकी अक्षरे, आकडे, पुन्हा अक्षरे. आजोबा आधी हसले.

"अगं, ही तुझ्या आईची भाषा नव्हे. ती बोलायला लागली की डॉक्टरांनासुद्धा समजायचं."

मुलीने आवाज बंद केला आणि स्वतः वाचायला घेतले. "त्या दुपारी तो मुलगा डोळे उघडून मला म्हणाला, सिस्टर, मला..."

ती थांबली.

"मला काय?"

"पुढचं दिसत नाही, बाबा. शिवणीत गेलंय. आणि खाली कुणाचा तरी अंगठा आलाय."

आजोबांनी कपाळावर हात धरला. "मला माहीत होतं गं. तिनं दोनदा वाचलं होतं. त्यावर आम्ही दोघं रडलो होतो." थोड्या वेळाने ते म्हणाले, "नाही आठवत."

मुलीने ताईंना बोलावून आणले आणि मूळ पुस्तक मागितले. ताईंना सांगावे लागले, की ते आता नाही.

"मग आहे असं का लिहिलंय?" आजोबांनी विचारले. त्यांचा आवाज चढला नव्हता.

ताईंनी ओळखीच्या सगळ्या ग्रंथालयांत फोन केले. प्रत्येक ठिकाणी तेच ऐकायला मिळाले, की छापील प्रत नाही, पण संगणकावर आहे. ताई ती प्रत उघडून पाहत. ती आमच्याकडूनच घेतलेली नक्कल असे.

आजोबा पुन्हा आले तेव्हा ताईंनी हे सांगितले.

"म्हणजे सगळ्यांकडे तोच अंगठा," ते म्हणाले. मग मुलीला म्हणाले, "जेवढं आहे तेवढं वाच."

ती वाचू लागली. ओळ तुटली की आजोबा हात वर करत, आठवत आणि उरलेले शब्द स्वतः म्हणत. अशी तीन-चार पाने झाली. एका ओळीशी ते बराच वेळ अडले. मग त्यांनी चाचपडत काठी शोधली.

"बास. तिचं आठवतंय की मीच रचतोय, तेच कळेना. असंच चाललं तर तिचं होतं तेही जाईल."

मुलीने त्यांना जिना उतरवून नेले. ते पुन्हा आले नाहीत. ताई त्या दिवशी माझ्या फळीवर डोके टेकवून बसल्या होत्या.

मित्रांनो, यंत्राला पान दिसते, पण ते वाचता येते की नाही हे कळत नाही. ते माणसाने पाहायचे असते. म्हणून तुम्हाला कुठे तुटलेली ओळ दिसली, तर गप्प बसू नका. कागद कपाटात आहे तोवरच काही करता येते. नंतर ताईंसारखी माणसेही काही करू शकत नाहीत.

परवा एका मुलीने ते पुस्तक उघडले. दोन पाने चाळली, कंटाळली आणि बंद केले. आपल्याला काय मिळाले नाही, हे तिला कळलेसुद्धा नाही.