माझ्या पोटात काय भरलंत?

मित्रांनो, मी एक जुनी मीठदाणी आहे आणि मी रागावलेली आहे. माझ्या डोक्याला भोकं आहेत. डोक्याला भोकं पाडून घेतल्यावर शांत राहणं कुणालाही कठीणच.

माझा जन्म भट्टीत झाला, म्हणून मी तापट, असं माझ्या जोडीची मिरीदाणी म्हणायची. ती पुढे फरशीवर पडून वारली. मी मात्र या घरातल्या जेवणाच्या टेबलावर टिकले, आजोबांच्या उजव्या हाताशी.

आजोबा टपाल कचेरीत पत्रांवर शिक्के मारायचे. नोकरी संपली, पण हात काही निवृत्त झाला नाही. ताट समोर आलं की मला उलटी धरून ठप, ठप, ठप. शिक्का बसल्याशिवाय घास पुढे जात नसे.

"बाबा, आधी चाखून तरी बघा," सूनबाई म्हणायच्या.

"पत्र वाचून शिक्का मारतात का?" आजोबा विचारायचे.

सगळे हसायचे. पाहुणे मला हातात घेऊन म्हणायचे, किती सुबक आहे. ते माझे सुखाचे दिवस.

मग आजोबांचा रक्तदाब वाढला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मीठ कमी करा, मूत्रपिंडंही थकली आहेत. त्यांच्या मुलाने घरी येऊन पहिली अटक मला केली. कपाटात, तुटक्या गाळण्याशेजारी कोंडलं. आणि टेबलावर मोकळं कोण? पाकिटातलं सूप, सॉसची बाटली, खारे शेंगदाणे. पोटात मीठ लपवून हिंडणारे ते सगळे साव, आणि उघडपणे मीठ वाटणारी मी चोर!

आजोबा जेवेनात. "सूनबाई, ही आमटी आहे की भांडी विसळलेलं पाणी?"

शेवटी मुलगा एक हिरवं पाकीट घेऊन आला. "कमी सोडियमचं मीठ, बाबा. आरोग्याला उत्तम. आता हवं तेवढं खा." त्याने ते माझ्या पोटात ओतलं आणि पाकीट कचऱ्यात टाकलं. पाकिटाच्या पाठीवर बारीक अक्षरात छापलं होतं: मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारा. मी ते वाचलं. ओतताना ते माझ्या तोंडाशीच होतं. पण मला बोलता येत नाही, आणि या घरात ज्यांना बोलता येतं त्यांना वाचायचा कंटाळा.

हवं तेवढं म्हटल्यावर आजोबा दुप्पट शिक्के मारू लागले. काही दिवसांनी जिना चढताना त्यांचे पाय कापसाचे झाले आणि ते पायरीवरच बसले. छातीत ठोके अडखळत होते. मुलाने त्यांना दवाखान्यात नेलं. रक्ताचा अहवाल बघून डॉक्टरीणबाईंनी आजोबांना दाखल करून घेतलं आणि घरातलं मीठ मागवलं. मुलगा घरी येऊन मलाच उचलून धावत दवाखान्यात परतला.

"पेशंट कोण?" खिडकीतल्या माणसाने विचारलं. घाबरलेल्या मुलाने मला पुढे केलं. माणसाने मला नीट निरखलं. "बसवा बाकावर," तो म्हणाला. मला बसवलं.

"यात काय आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मीठ. म्हणजे, चांगलं मीठ."

"तुमच्यासाठी असेल चांगलं. यात पोटॅशियम असतं. थकलेल्या मूत्रपिंडांना ते बाहेर टाकता येत नाही, आणि मग हृदयावर येतं. मला विचारायचं तरी होतंत."

मुलाने माझ्याकडे बोट दाखवलं. "ही त्यांच्या हाताशी ठेवायलाच नको होती."

पुन्हा मीच!

आजोबा वाचले. सॉसची बाटली आणि तिची टोळी घरातून हद्दपार झाली. सूनबाई मीठ चिमटीने मोजून घालू लागल्या, वर लिंबू आणि लसूण. पण आजोबा ताटासमोर बसत आणि उजवा हात हवेत तसाच थांबे. टपाल तुंबलेलं.

एके दिवशी सूनबाईंनी मला धुतलं, पुसलं आणि रिकामीच त्या हाताशी ठेवलं. ठप, ठप, ठप. काहीच पडलं नाही. आजोबांनी आमटी चाखली.

"आता कसं बरोबर झालं."

मित्रांनो, भरल्या पोटी जन्मभर राबले, तेव्हा हे वाक्य कुणी म्हटलं नाही. असो. माझं ऐका. मीठ कमी करायचं तर हात आवरा, मला कोंडू नका. नवं मीठ आणलंत तर पाकिटाची पाठ वाचा, आणि घरात कुणाची मूत्रपिंडं थकली असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. माझ्यात काय भरलंत याचा जाब मला विचारू नका.

आणि आता मला भरू तर मुळीच नका. आजोबा जेवत आहेत.