लोखंड गप्प आहे

घड्याळजींनी खुरपं मातीत खुपसलं आणि बाईंनी डोळे मिटून घेतले.

खुरपं कशाला तरी खट्कन लागलं. बाईंनी नातीला ओढून पोटाशी धरलं. काहीच झालं नाही. डोळे उघडून पाहिलं तर नवरा गुडघ्यांवर बसून मातीतून काढलेली वस्तू चष्म्याजवळ नेऊन निरखत होता, दुकानात गिऱ्हाइकाचं घड्याळ निरखायचा तशीच.

"कडी," घड्याळजी म्हणाले. "कॅनची. पुन्हा."

"झालं ना मग? चला घरी."

"अंगठी मिळाल्याशिवाय नाही."

नदीकाठचं हे मैदान म्हणजे गावाची हौसेची जागा. सुट्टीच्या दिवशी लोक डबे घेऊन यायचे, चेंडू खेळायचे आणि जाताना आपली आठवण म्हणून सगळा कचरा इथेच ठेवून जायचे. गेल्या रविवारी हे तिघंही आले होते. हात धुताना बाईंनी अंगठी काढून नातीकडे, चिमणीकडे, धरायला दिली, चिमणीनं ती अंगठ्यात घातली आणि नाचली. घरी पोचल्यावर रडत रडत सांगितलं की अंगठी "उडाली". दुकानाच्या पहिल्या वर्षी घड्याळजींनी स्वतःच्या जेवणाचे हाल करून घेतलेली ती तारेएवढी अंगठी. बाईंच्या बोटावर तिचा पांढरा पट्टा राहिला होता आणि आठवडाभर घड्याळजींचं लक्ष जेवताना त्या पट्ट्यावरच होतं.

बाईंना अंगठी नको होती. म्हणजे हवी होती, पण या मातीतून उकरून नको होती. मंगळवारी दूधवाल्यानं बातमी आणली होती. नदीपलीकडे एका माणसानं कुंपणाचा खांब रोवायला खड्डा घेतला, पहार खाली कशावर तरी आपटली आणि आता तो माणूस दवाखान्यात होता, हात नसलेला. फार वर्षांपूर्वी नदीच्या दोन्ही काठांना सैनिक तोफा डागण्याचा सराव करायचे, हे म्हाताऱ्यांना माहीत होतं. तशी पाटीही होती म्हणे. पाटी पडली, लोक विसरले, वर गवत उगवलं.

"भित्यापाठी ब्रह्मराक्षस," घड्याळजी म्हणाले होते. "अगं, इतकी वर्षं लोक इथे उड्या मारतायत."

बाईंचं धाबं दणाणलं ते दणाणलंच. तरी त्या आल्या. अंगठी कुठे उडाली हे चिमणीलाच ठाऊक, म्हणजे चिमणी येणार, आणि चिमणी येणार तर बाई घरात बसून राहणं शक्य नव्हतं. लांबून घाबरण्यापेक्षा समोर बसून घाबरलेलं बरं.

चिमणीनं आल्या आल्या जागा दाखवली. मग दुसरी दाखवली. मग, "नाही नाही, तिकडे, त्या झुडपापाशी," म्हणाली आणि चटईवर बसून बिस्किटाचा पुडा फोडला.

घड्याळजी उठले. हातातला दांडा सरळ केला, त्याच्या टोकाची ताटलीएवढी चकती गवतावरून इकडून तिकडे फिरवू लागले. धातू शोधणारं हे यंत्र त्यांच्या दुकानात कुणीतरी दुरुस्तीला टाकलं होतं आणि न्यायला विसरलं होतं. ते दुरुस्त करता करता घड्याळजींना त्याचा नाद लागला. निवृत्तीनंतर माणसं वर्तमानपत्रातली कोडी सोडवतात, यांनी हे धरलं.

"आजोबा, ते काय म्हणतं?" चिमणीनं विचारलं.

"प्रत्येक धातूचा आवाज वेगळा. आणि इथे पडद्यावर आकडा येतो. लोखंडाचा खाली, चांदीचा वर. सोन्याची बारीक अंगठी मधे कुठेतरी. पण त्याच आकड्यावर चॉकलेटचा चंदेरी कागद येतो आणि कॅनची कडीही. म्हणून सगळ्या कड्या उकराव्या लागतात. कडी म्हणून सोडली आणि ती अंगठीच असली, तर?"

"मग फक्त सोनं का नाही ऐकत?"

"ते जमलं असतं तर तुझे आजोबा राजवाड्यात राहिले असते."

बाई मधेच म्हणाल्या, "अहो, तोफगोळा कशाचा असतो?"

घड्याळजींची चकती क्षणभर थांबली. "लोखंडाचा."

"मग असला तर हे वाजेल ना?"

"लोखंड मी बंद केलंय. चाळणी लावली की ठरावीक आकड्याखालचं सगळं गप्प बसतं. इथे इतके खिळे, पत्रे, झाकणं आहेत, नाहीतर कान किटून जातील."

"बरं केलंत," बाई म्हणाल्या. लोखंड बंद आहे हे ऐकून त्यांना इतकं हायसं वाटलं की त्यांनीही एक बिस्कीट घेतलं.

ऊन कलायला लागलं होतं. चिमणीला कंटाळा आला. ती चटईवर उभी राहून उड्या मारू लागली आणि मग म्हणाली, "आज्जी, स्टॅच्यू खेळू."

हा त्यांचा जुना खेळ. बाईंनी उभी हयात बालवाडीत काढली होती, त्यामुळे पुतळा होणं त्यांना सहज जमायचं. माशी बसली तरी पापणी हलायची नाही. चिमणीचं मात्र अवघड होतं. आज्जी "स्टॅच्यू" म्हणाली की ती थिजायची, डोळे मोठे करायची, मग ओठांचा एक कोपरा हलायचा आणि खुदकन सगळा पुतळा कोसळायचा. आजवर ती एकदाही जिंकली नव्हती. आताही नाही जिंकली. चटईवर लोळून हसली.

तिला हसताना बघत असतानाच बाईंचा बिस्किटाचा हात अर्ध्यावर थांबला.

बालवाडीत त्या पोरांना तोंडावर बोट ठेवायला सांगायच्या तेव्हा वर्ग चिडीचूप व्हायचा. म्हणून काय पोरं घरी गेलेली असायची? सगळी तिथेच असायची, आपापल्या जागेवर.

"अहो," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. "लोखंड बंद केलंय म्हणजे लोखंड नाही असं नाही ना?"

घड्याळजींनी पाठ वळवून चकती फिरवणं चालू ठेवलं. "नाही."

"तुम्ही तेव्हा बोलला नाहीत."

"तू बिस्कीट खाल्लंस. म्हटलं खाऊ दे."

बाईंनी हातातला बिस्किटाचा तुकडा खाली ठेवला. चटईच्या पलीकडे, अलीकडे, सगळीकडे तेच पोपटी गवत होतं. आत्तापर्यंत त्यावरून आपण किती वेळा चाललो, चटई झटकताना कुठे कुठे पाय आपटले, हे त्या आठवू लागल्या. उठून नातीला घेऊन चालू लागावं तर कुठून चालायचं हेच कळेना. त्या बसून राहिल्या. पाय मात्र नकळत जवळ ओढून घेतले.

घड्याळजी झुडपापाशी थबकले. तिथेच दोनदा, तीनदा चकती फिरवली. कपाळाला आठी पडली.

"इकडे ये जरा," त्यांनी बायकोला हाक मारली.

"मी नाही येत."

"अगं, तुझ्या कानांचं काम आहे. इथे काहीतरी आहे, पण अर्धवट बोलतंय. एकीकडून बोलतंय, दुसरीकडून गप्प. सोन्याच्या शेजारी खिळा पडला असला की असं होतं. चाळणी खिळ्याला गप्प बसवते आणि त्याच्याबरोबर सोन्यालाही. आता सगळंच उघडावं लागेल. पण मग इतका कालवा होईल, त्यात ते बारीक कुजबुजणं मला नाही ऐकू यायचं."

तीस पोरांच्या वर्गात फळ्याकडे तोंड असताना कोण कुजबुजलं ते बाईंना कळायचं, हे खरंच होतं. त्या उठल्या. जिथे घड्याळजींच्या चपलांनी गवत दबलं होतं तिथेच पाय टाकत गेल्या. घड्याळजींनी हेडफोन त्यांच्या कानांवर बसवले, एक बटण बरेचदा दाबून आकडा शून्यावर आणला आणि दांडा त्यांच्या हातात दिला.

बाईंनी चकती फिरवली आणि मैदान बोलायला लागलं.

मगाशी गप्प बसलेलं सगळं एकदम तोंडातलं बोट काढून बडबडू लागलं. टक्, टक्टक्, टक्. घड्याळजी त्यांना आपल्या ओठांकडे बघायला लावत सावकाश समजावत होते. तुटक तुटक म्हणजे खिळे. चकती गुडघ्याएवढी वर उचलली की ते बंद होतात, लहान वस्तू असतात त्या. बाईंनी उचलून पाहिलं. बंद झाले. पुन्हा खाली आणलं. हळूहळू भीती जराशी मागे सरकली आणि कामाची सवय पुढे आली. त्या खरखरीत गोंगाटात कुठेतरी एक गोड, बारीक आवाज होता, मागच्या बाकावरच्या लाजाळू पोरीसारखा.

"इथे," त्या म्हणाल्या आणि पायानं जागा दाखवली.

"नक्की?"

"खिळ्याच्या डावीकडे. जोरात खुपसू नका हो."

"बोटांनी उकरतो," घड्याळजी म्हणाले आणि गुडघ्यांवर बसले.

त्यांच्याकडे बघवेना म्हणून बाई वळल्या. यंत्र कसं बंद करायचं ते त्यांना माहीत नव्हतं. आल्या वाटेनं त्या परत चटईकडे निघाल्या आणि आता कान होते म्हणून प्रत्येक पावलापुढे चकती फिरवत निघाल्या. टक्. टक्टक्. खिळे. झाकण. पुन्हा खिळा. चिमणी चटईवर उकिडवी बसून मुंग्यांना बिस्किटाचा चुरा घालत होती. बाईंना तिचं हसू आलं. आपण उगाचच जीव टांगणीला लावला, असं त्यांच्या मनात आलं.

चकती चटईच्या कडेशी पोचली आणि कानात एक जाड आवाज सुरू झाला.

तो तुटला नाही. बाईंनी चकती डावीकडे नेली. आवाज होताच. उजवीकडे, चटईच्या दुसऱ्या टोकापर्यंत नेली, आवाज तिच्याबरोबर चालत गेला. त्यांनी चकती गुडघ्याएवढी वर उचलली, खिळे गप्प होतात तिथपर्यंत. खिळे गप्प झाले. तो नाही झाला. कमरेपर्यंत उचलली. खाली कुणीतरी झोपेत घोरावं तसा तो येत राहिला.

याच चटईवर सकाळपासून त्या बसल्या होत्या. याच चटईवर चिमणी उड्या मारत होती.

बाईंना ओरडायचं होतं. पण ओरडलं तर पोर दचकेल. हात पुढे केला तर ती उडी मारून येईल, नेहमी येते तशी. घड्याळजींना हाक मारावी तर ते धावत येतील. यंत्राच्या दांड्यावरची त्यांची बोटं पांढरी पडली होती आणि त्यातल्या एकावरचा पट्टा आता वेगळा ओळखू येत नव्हता.

"मिळाली!"

घड्याळजी ताडकन उभे राहिले होते. मातीनं भरलेल्या चिमटीत काहीतरी चमकत होतं. "अगं मिळाली! खिळ्याला चिकटूनच होती! चिमणे, ये, पळत ये, बघ!"

चिमणीनं दोन्ही हात वर केले, गुडघे वाकवले आणि एक पाय उचलला.

"स्टॅच्यू!" बाई म्हणाल्या.

चिमणी थिजली. एका पायावर, हात वर, मुठीत बिस्कीट.

"आता कसला खेळ काढलास?" घड्याळजी हसत म्हणाले आणि दोन पावलं पुढे आले. मग त्यांना बायकोचा चेहरा दिसला. चटईवर अधांतरी धरलेली चकती दिसली. त्यांनी चिमटीतली अंगठी मुठीत मिटली आणि जागच्या जागी उभे राहिले.

बाईंनी कानांवरून हेडफोन उतरवले. दांडा मागे, त्यांच्याच दबलेल्या वाटेवर, आवाज न करता आडवा ठेवला. चपला काढल्या.

"शाब्बास माझी बाय," त्या बालवाडीतल्या आवाजात म्हणाल्या. "अजिबात हलायचं नाही. हसायचं नाही. आज्जी येऊन उचलेपर्यंत."

चिमणीनं डोळे मोठे केले. बाईंनी पहिलं अनवाणी पाऊल टाकलं, आणि तिच्या ओठांचा एक कोपरा हलायला लागला.