साथीची शेगडी

आमच्या इस्पितळामागच्या खड्ड्यात पूर्वी सगळं जळायचं. सुया, सलाइनच्या बाटल्या, रक्ताळलेला कापूस, बाळंतिणींची वारसुद्धा. जळायचं म्हणजे अर्धवटच. उरलेलं कुत्री ओढून नेत. धूर फिरला की थेट मी नर्स असलेल्या बाळंतिणींच्या वॉर्डात यायचा आणि नुकती बाळंत झालेली एखादी बाई खोकून खोकून टाके तोडते की काय, म्हणून माझा जीव वरखाली व्हायचा.

मग मोठ्या डॉक्टरांनी हट्टाने दोन गोष्टी उभ्या केल्या. सुया आणि प्लास्टिकसाठी वाफेचं मशीन, आणि वार व खरकटं टाकायला जमिनीखाली गोबरगॅसची टाकी. बांधणाऱ्या गवंड्यांनी आजवर गोठ्यांमागेच अशा टाक्या बांधल्या होत्या. आधी तिच्यात म्हशीचं शेण ओतावं लागलं. काही दिवस इस्पितळाला गोठ्याचा वास होता, आणि तरी ते दिवस मला फार आवडले. धूर नव्हता ना. तो वास आजही कुठे आला की मी क्षणभर थांबते.

टाकीतला गॅस नळीने काजीलालच्या कँटीनमध्ये जायचा. हा काजीलाल जाडजूड, बोलघेवडा. एकदा गिऱ्हाइकांना हसवायला म्हणाला, हा चहा पोरांच्या साथीवर उकळलाय, म्हणून एवढा दाट.

त्या गिऱ्हाइकांत हेरामाया अजी होती.

आम्ही नेपाळातले नेवार लोक आजीला अजी म्हणतो आणि वारेला बाळाचा साथी. दोघं एकाच पोटातून येतात. एकाला दुपट्यात गुंडाळायचं, दुसऱ्याला मातीत निजवायचं. साथीला आगीची धग लागली तर बाळ तापतं, हे मलाही माझ्या आईने सांगितलं होतं. आणि हेरामाया अजीचा इथेच नुकता जन्मलेला नातू तापाने फणफणला होता. रक्तात जंतू गेले होते, इंजेक्शनं नुकतीच सुरू झाली होती. पोराचा बाप कतारला, त्यामुळे घरात शब्द अजीचा. सून सुनकेशरी नुसती रडत होती.

अजी तडक माझ्यासमोर आली.

"ताप कसला ते मला कळलंय. साथीला तुम्ही चुलीवर घातलंय. आम्ही पोराला घरी नेतो."

मी जंतूंचं सांगितलं. इंजेक्शनं अर्धवट सोडली तर पोर हाताला लागणार नाही, हेही सांगितलं.

"सुया तुझ्या, आगही तुझीच," ती म्हणाली. "एका हाताने भाजायचं आणि दुसऱ्याने फुंकर घालायची होय गं?"

मी धावत टाकीपाशी गेले आणि गॅसची चावी बंद केली. परत येऊन सांगितलं, आग विझवलीय, पोराला राहू द्या. अजी कँटीनमध्ये डोकावून आली. थंड शेगडी बघून सुनेच्या खाटेवर बसली. पण तिने गाठोडं सोडलं नाही.

टाकीची देखभाल बुद्धिमान तामांगकडे होती. चावी बंद बघून त्याचं तोंडच उतरलं. गॅस आत कोंडला की तो टाकीतलं सगळं बाहेरच्या तोंडातून वर ढकलतो. हवेत सोडावा तर घाण वास थेट वॉर्डात. आणि खालच्या टोलातल्या, म्हणजे वस्तीतल्या, लोकांनी आधीच बजावलं होतं, आमच्या मुळ्याच्या वाफ्यात थेंब जरी आला तरी टाकी बुजवू.

"दिदी, म्हशीचं पोट फुगलं तर ती ओरडते तरी," तो म्हणाला. "ही न सांगता फुटेल."

दुसरा दिवस मी नुसती येरझाऱ्या घालत काढला. वॉर्डातून टाकीपाशी, टाकीपासून वॉर्डात. थर्मामीटर बघायचा, मग टाकीच्या तोंडाशी चढत आलेला काळा रबडा बघायचा. ताप हलत नव्हता, रबडा थांबत नव्हता. चावी उघडली तर अजी पोराला उचलणार. मोठे डॉक्टर काठमांडूला, फोन लागेना. दुपार कलली तसा रबडा काठाला टेकला.

मी अजीचा हात धरला आणि तिला टाकीपाशी आणलं. तिने आपणहून चपला काढल्या.

"इथे आहे?"

"इथेच, मातीखाली. आगीत नाही घातलेला. वर जळतो तो त्याचा गॅस."

"श्वास म्हण."

"श्वास म्हणा."

"एकट्याचाच?"

"नाही अजी. इथे जन्मलेल्या सगळ्यांच्या साथींचा."

तिने वाकून जमिनीला हात लावला. बुद्धिमान रबड्याकडे बघत होता, मी तिच्या तोंडाकडे.

"पोरांच्या साथींनी पोरांचं काम करावं," ती शेवटी म्हणाली. "त्या जाड्याचा चहा कशाला उकळायचा?"

मी कुणालाही विचारलं नाही. बुद्धिमानने शेगडीसकट नळी काढली आणि वॉर्डामागच्या पडवीत आणली. काजीलाल मागून बोंबलत आला. लाकडाला आता तुझ्या पगारातून पैसे देतेस का, असं माझ्यावर, अख्ख्या इस्पितळावर खेकसून परत गेला. अजीने स्वतः काडी ओढली. पहिल्या आधणात तिने नातवाचे कपडे टाकले. टाकीच्या तोंडातला रबडा हळूहळू खाली गेला.

संध्याकाळीही पोर तापलेलंच होतं. मी अजीसमोर जायचं टाळत होते. तिनेच हाक मारली.

"अजून भट्टी आहे पोराची. पण साथी आता त्याच्या कामाला लागलाय. दे तुझी सुई."

ताप उतरायला वेळ लागला. इंजेक्शनं संपेपर्यंत अजी हलली नाही. माझ्या शब्दाखातर नव्हे, शेगडी दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला तिचं मन होईना म्हणून. एकदा शेजारच्या खाटेवरच्या बाळंतिणीची सासू किटली घेऊन पडवीत आली.

"चहा हवा तर काजीलालकडे जा," अजी तिला म्हणाली. "इथे तुझ्या नातीची दुपटी आण."

मी ते आतून ऐकलं आणि बाळाच्या कपाळाला हात लावला. गार होतं. दारापर्यंत गेले, परत फिरले आणि पुन्हा एकदा लावून बघितला.